मोठ्या माशाचे वजन काठावरच पक्के कसे करावे

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांतील मामा तलावांवर (मालगुजारांच्या काळातील जुन्या तलावांवर) दर उन्हाळ्यात, पाणी उतरू लागले की, एखाद्या तरी मोठ्या माशाची गोष्ट गावभर होते. कुणाच्या गळाला वीस किलोचा कटला लागलेला असतो, तर कुणी पुरुषभर लांबीची मरळ पाहिलेली असते. गोष्ट सांगणारा बहुतेक वेळा खोटे बोलत नसतो, पण आठ दिवसांनी तिसऱ्या गावात कुणी विचारले की वजन कोणत्या काट्यावर झाले आणि तेव्हा कोण हजर होते, तर त्याचे उत्तर कुणाजवळ नसते. वाद तिथे सुरू होतो. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मासेमारीची नोंदवही सांभाळण्याचे काम मी काही वर्षे करत आहे, आणि माझ्या पाहण्यातले बहुतेक वाद लबाडीमुळे झालेले नाहीत. मासा पाण्याबाहेर आल्यावर पहिल्या तासाभरात जे करायला हवे होते ते राहून गेले, म्हणून ते झाले. हा लेख नव्याने गळ टाकू लागलेल्यांसाठी आहे, तसाच ज्यांना अचानक साक्षीदार म्हणून बोलावले जाते त्या तरुण मंडळींसाठीही आहे.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील एका तलावावर माझ्या मावसभावाला कटला लागला. आमच्या वहीतील तोपर्यंतचा सर्वांत मोठा कटला १६ किलो २०० ग्रॅमचा होता. मासा तडफडत होता, ऊन चढले होते, माणसे जमली होती. आम्ही तो ओल्या तागाच्या पोत्यात गुंडाळून किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवला. आकडा आला १७ किलो ४००. मी तो वहीत लिहिला, सह्या झाल्या, मासा कापला गेला आणि वाटे झाले. संध्याकाळी तलावावर आयुष्य काढलेले एक वृद्ध ढिवर बाबाजी माझ्याजवळ येऊन बसले, वही पाहिली आणि शांतपणे म्हणाले, “अन् पोत्याचं वजन काहून नाही केलं, बाबू?” पोते अजून ओलेच पडले होते. ते एकटे काट्यावर ठेवले तेव्हा दीड किलोच्या वर भरले. म्हणजे मासा सोळा किलोच्याही आत होता, आणि नेमका किती होता हे आता कुणालाच सांगता येणार नव्हते, कारण दिवसभरात त्या पोत्यातले किती पाणी सुकले हे कोण सांगणार? मावसभावाने काहीही लपवले नव्हते. वही लिहिणारा मी होतो आणि विचारायला हवा होता तो प्रश्न मी विचारला नाही.

आधी कोणत्या विक्रमासाठी दावा करायचा ते ठरवा

गावच्या वहीतील विक्रम आणि आंतरराष्ट्रीय विक्रम यांचे नियम वेगळे आहेत, आणि मासा लागल्यानंतर नियम शोधण्यात अर्थ नसतो. आंतरराष्ट्रीय पातळीवर गळाच्या मासेमारीचे विक्रम इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशन ही १९३९ साली स्थापन झालेली संस्था नोंदवते. तिचे कार्यालय अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात आहे आणि जगातील कोणत्याही देशातून तिच्याकडे दावा करता येतो. तिच्या नियमांतील काही गोष्टी आपल्याकडच्या पद्धतीशी थेट टक्कर घेतात. आपल्याकडे अनेक जण काठी न वापरता तंगूस (नायलॉनची दोरी) हातात धरून मासा ओढतात. त्या संस्थेच्या नियमांनुसार हातदोरीने धरलेला मासा बाद ठरतो. आपल्याकडे कणीक आणि ढेपेच्या गोळ्याभोवती सहा-सहा, आठ-आठ गळ लावण्याची पद्धत आहे. तिथे आमिषासोबत जास्तीत जास्त दोन एकेरी गळ चालतात. मासा लागल्यापासून हाताशी येईपर्यंत काठीला, रिळाला किंवा दोरीला दुसऱ्या कुणाचा हात लागला तरी दावा गेला. मोठा मासा लागल्यावर शेजारचा माणूस आपुलकीने धावत येतो आणि काठी धरतो, हे मी कित्येकदा पाहिले आहे. त्याला आधीच सांगून ठेवणे हाच उपाय आहे. मासा जवळ आल्यावर खाली हातजाळी धरायला मदतनीस चालतो.

गावच्या वहीत मात्र हातदोरीला पूर्ण मान द्यावा असे माझे मत आहे, कारण या तलावांवर ती पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. फक्त नोंदीत “काठी” की “हातदोरी” हे स्पष्ट लिहावे, म्हणजे पुढे एकाची दुसऱ्याशी तुलना करून भांडण होणार नाही. जाळ्यात आलेल्या माशांसाठी वेगळे पान ठेवावे.

परवानगीचा प्रश्नही इथेच सोडवावा. मालगुजारी, म्हणजे जुनी जमीनदारी पद्धत, १९५० च्या कायद्याने संपली आणि तलाव शासनाकडे आले. आज बहुतेक तलावांतील मासेमारीचा हक्क स्थानिक मत्स्य सहकारी संस्थेकडे ठेक्याने असतो. मासे त्या संस्थेच्या सभासदांनी सोडलेल्या बोटुकलीतून (बोटाएवढ्या पिल्लांतून) वाढलेले असतात, आणि त्यांच्या घरची चूल त्यावर चालते. संस्थेला न विचारता धरलेला मासा कितीही मोठा असला तरी तो विक्रम होऊ शकत नाही, आणि होऊही नये. नवेगाव, नागझिरा, ताडोबा, पेंच यांसारख्या संरक्षित क्षेत्रांत वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू असल्याने तिथे गळ घेऊन जाण्याचा विचारच करू नये. आंतरराष्ट्रीय संस्थाही स्थानिक कायदा मोडून धरलेला मासा स्वीकारत नाही. परवानगीची पावती खिशात ठेवा आणि दाव्यासोबत तिचा फोटो जोडा.

काटा तलावावर जाण्याच्या आधी पाहून ठेवा

सर्वाधिक वाद काट्यावरून होतात, म्हणून इथे थोडे सविस्तर लिहितो. व्यापारात वापरल्या जाणाऱ्या प्रत्येक काट्याची वैधमापन विभागाकडून पडताळणी व्हावी लागते आणि इलेक्ट्रॉनिक काट्यासाठी ती दर बारा महिन्यांनी पुन्हा करून घ्यावी लागते. पडताळणी झाल्यावर शिक्का मारला जातो आणि दुकानदाराला प्रमाणपत्र मिळते. आंतरराष्ट्रीय संस्थेचीही अट हीच आहे, की काटा मासा धरण्याच्या आधीच्या बारा महिन्यांत प्रमाणित झालेला असावा. म्हणजे गावातल्या ज्या किराणा दुकानदाराने किंवा मासळी विकणाऱ्या काकूंनी आपला काटा वेळेवर तपासून घेतला आहे, त्यांचा काटा या कामाला योग्य आहे. मोसम सुरू होण्याआधी त्यांच्याकडे जाऊन प्रमाणपत्राचा फोटो काढून ठेवावा. ऑनलाइन मागवलेला स्वस्त हुकाचा काटा अंदाजासाठी बरा, पण त्यावर शिक्का नसतो आणि त्या आकड्यावर कुणी हरकत घेतली तर तुमच्याजवळ उत्तर नसते.

दुसरे, काट्याचा सर्वांत लहान भाग किती ग्रॅमचा आहे ते पाहावे. धान खरेदी केंद्रावरचा मोठा काटा पोती मोजण्यासाठी असतो. तो १०० ग्रॅमच्या टप्प्याने आकडा दाखवत असेल, तर दोन माशांमधील ८० ग्रॅमचा फरक त्यावर ठरूच शकत नाही. काटा दोन खुणांच्या मध्ये थांबला तर खालची खूण धरायची, वरची नाही. “जवळजवळ साडेसोळा” असे वजन नसते.

तिसरे, मासा ठेवण्याच्या लगेच आधी आणि लगेच नंतर त्याच काट्यावर ज्ञात वजन ठेवून दाखवावे. दुकानातील ५ किलो आणि १० किलोची शिक्क्याची वजनमापे यासाठी पुरतात. काटा शून्यावर आहे याचा फोटो, वजनमापाचा फोटो, मग माशाचा फोटो, असे सलग काढल्यास काट्याबद्दलचा निम्मा संशय तिथेच संपतो. आमच्या तलावावर आता हे फोटो एकाच माणसाच्या फोनमधून, मध्ये दुसरा फोटो न काढता घेतले जातात, म्हणजे वेळेचा क्रम आपोआप नोंदला जातो.

प्रमाणित काटा हाताशी नसेल आणि मासा खरोखरच मोठा असेल तर काय करावे? उपलब्ध काट्यावर वजन करून घ्यावे आणि नंतर तो काटा आहे त्या स्थितीत तपासणीला न्यावा. कुणी तरी मदत म्हणून काटा “नीट करून” मग तपासायला नेतो आणि त्यातच दाव्याचा आधार नाहीसा होतो. वजनाच्या वेळी काटा किती चुकत होता हे कळायचे असेल, तर दुरुस्तीच्या आधीचा अहवाल हवा. आंतरराष्ट्रीय नियमांतही हाच शब्द आहे, की कोणताही फेरबदल करण्याआधीची तपासणी. सरकारी तपासणी जवळपास शक्यच नसेल तर माशाइतक्या किंवा त्याहून जास्त, ज्ञात आणि सिद्ध वजनाच्या वस्तू त्याच काट्यावर ठेवून दाखवाव्या लागतात.

मासा बाहेर आल्यावर

मासा सावलीत ओल्या कापडावर ठेवावा आणि त्याच्या अंगावरचे पाणी मिनिटभर निथळू द्यावे. मग लगेच वजन करावे. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत ऊन पंचेचाळीस अंशांच्या घरात जाते आणि मेलेला मासा हवेत पडून राहिला तर तासागणिक वजन गमावतो. गावात मिरवून आणल्यावर वजन करणारा माणूस स्वतःचेच नुकसान करतो. डोंग्यात असताना वजन करू नये. पाण्यावर हलणाऱ्या डोंग्यात काटा स्थिर राहत नाही, म्हणून वजन जमिनीवरच ग्राह्य धरतात.

मासा ज्यात ठेवाल किंवा ज्याने टांगाल, त्या टोपल्याचे, चुंगडीचे किंवा दोरीचे वजन वेगळे करून वजा करावे. ते ओले असेल तर ओल्यानेच, आणि मासा उचलल्याबरोबर करावे. वरच्या प्रसंगानंतर ही ओळ आमच्या वहीच्या प्रत्येक पानावर छापून घेतली आहे.

त्यानंतर मोजपट्टी. लांबी तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत आणि शेपटीच्या खाचेपर्यंत, अशी दोन्ही घ्यावी आणि कोणती कोणती आहे ते लिहावे, कारण या दोहोंची सरमिसळ हे भांडणाचे जुने कारण आहे. पट्टी माशाच्या पोटावरून वळवून न नेता सपाट जमिनीवर सरळ ठेवावी. घेर पाठीवरच्या परासमोर, जिथे मासा सर्वांत जाड आहे तिथे घ्यावा. लांबी आणि घेर हाती असले की वजनाची ढोबळ पडताळणी करता येते. घेराला घेरानेच गुणावे, त्याला लांबीने गुणावे आणि आलेल्या संख्येला २८,९०० ने भागावे. मापे सेंटिमीटरमध्ये असतील तर उत्तर किलोत येते. समजा कटला ९० सेंटिमीटर लांब आणि ६८ सेंटिमीटर घेराचा आहे, तर उत्तर सुमारे १४ किलो ४०० ग्रॅम येते. माशाच्या ठेवणीनुसार यात फरक पडतो, म्हणून हे सूत्र काट्याची जागा घेऊ शकत नाही आणि केवळ सूत्रावरून आलेले वजन कुठेही विक्रम म्हणून लिहू नये. पण काट्यावर १९ किलो आणि सूत्राने १४ किलो येत असतील, तर सही करण्याआधी काटा, पोते आणि माशाचे पोट या तीनही गोष्टी पुन्हा पाहाव्यात.

पोटाचा विषय अवघड आहे, तरी टाळता येत नाही. अमेरिकेत ३० सप्टेंबर २०२२ रोजी एरी सरोवरावरच्या एका स्पर्धेत पाच मासे त्यांच्या आकाराच्या मानाने फार जड भरले. आयोजकाने सगळ्यांसमोर त्यांची पोटे चिरली, तेव्हा आत शिशाचे गोळे आणि दुसऱ्या माशांच्या मांसाचे तुकडे निघाले. सुमारे २८ हजार डॉलरचे बक्षीस होते. दोघा स्पर्धकांनी पुढच्या वर्षी न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि त्यांना दहा दिवसांची कैद झाली. आपल्याकडे मासा शेवटी खाल्लाच जातो, त्यामुळे इथे सोय आहे. मासा साक्षीदारांसमोर चिरावा, पोटात काय होते ते लिहावे, आणि पावसाळ्याच्या तोंडावरची मादी असेल तर गाभोळीचे वजन वेगळे नोंदवावे. ही तपासणी प्रत्येक मोठ्या माशाची करावी, मग तो सरपंचाचा असो की शाळकरी मुलाचा. एखाद्याचीच केली तर तो अपमान होतो. सर्वांची केली तर ती रीत होते आणि तिचे कुणाला काही वाटत नाही.

फोटो कसा काढावा

मासा हातात धरून पुढे केलेला फोटो घरी लावायला छान असतो, पुरावा म्हणून तो निरुपयोगी आहे. याचे गणित सोपे आहे. फोन माणसापासून दोन मीटरवर असेल आणि त्याने मासा साठ सेंटिमीटर पुढे धरला असेल, तर मासा फोनपासून १ मीटर ४० सेंटिमीटरवर येतो. माणसाच्या मानाने तो जवळजवळ दीडपट दिसतो, म्हणजे नव्वद सेंटिमीटरचा मासा सव्वा मीटरच्या वर भासतो. ज्याने धरला त्याला हे ठाऊकही नसते, आणि पाहणाऱ्याला मात्र फसवले गेल्यासारखे वाटते.

त्यासाठी मासा सपाट जागी आडवा ठेवून, शेजारी मोजपट्टी अंथरून, बरोबर वरून फोटो घ्यावा. तोंड आणि शेपूट दोन्ही पूर्ण दिसले पाहिजेत. पर पसरलेले असावेत आणि माशाच्या अंगावर कुणाचा हात नसावा. दुसरा फोटो मासा काट्यावर असतानाचा, आकडा वाचता येईल असा. तिसरा पकडणाऱ्या माणसासह. चौथा काठी, रीळ आणि गळाचा. आंतरराष्ट्रीय दावा करायचा असेल तर गळाकडची जोडदोरी आणि तिच्या पुढची ५० फूट मुख्य दोरी कापून जपून ठेवावी लागते, कारण ती दोरी तपासली जाते. मासा सोडवण्याच्या घाईत गुंतलेला तंगूस कापून फेकून देण्याची सवय आपल्याला आहे, ती त्या दिवशी आवरावी.

मासा कोणता आहे

वजन बरोबर असूनही जात चुकल्याने दावा कोसळतो. आपल्या तलावांत कटला, रोहू आणि मृगळ यांच्या जोडीने सिल्व्हर कार्प, ग्रास कार्प आणि सायप्रिनसही (कॉमन कार्प) सोडलेले असतात. मोठ्या डोक्याचा, वर वळलेल्या तोंडाचा कोणताही जड मासा आपण सहज कटला म्हणून मोकळे होतो. मागच्या उन्हाळ्यात असाच एक मासा पाळीवर आला. वरून पाहिले तर कटलाच. मी त्याच्या कुशीवर शेपटीकडून डोक्याकडे बोट फिरवले. कटल्याचे खवले मोठे, नखाएवढे, बोटाला एकेक करून लागतात. या माशाचे खवले इतके बारीक होते की कातड्यावरून हात फिरवल्यासारखे वाटले. मग डोळा पाहिला. तो तोंडाच्या रेषेच्याही खाली, जणू गालावर बसवलेला होता. पोटाखाली कडेसारखी धार होती. तो सिल्व्हर कार्प होता, आणि सिल्व्हर कार्पच्या पानावर त्याची नोंद झाली. पकडणारा मुलगा हिरमुसला, पण त्याने स्वतः बोट फिरवून पाहिल्यावर वाद घातला नाही.

रोहूचे ओठ झालरीसारखे असतात आणि पर तांबूस असतात. मृगळ लांबट, तोंड लहान आणि खाली. सायप्रिनसच्या पाठीवरचा पर लांबच लांब असतो आणि तोंडाच्या कडेला मिशांच्या दोन जोड्या असतात. एवढे चार-पाच फरक पाठ असले की बहुतेक प्रश्न पाळीवरच सुटतात. उरलेले प्रश्न संकरित माशांचे असतात. बीजनिर्मिती केंद्रांत कटला आणि रोहू यांचा संकर होतो आणि अशा माशात दोघांची लक्षणे मिसळलेली असतात. अशा वेळी पाळीवर मत देऊ नये. डोके, तोंड, खवले आणि सर्व पर यांचे जवळून फोटो घ्यावेत, पराचा नखाएवढा तुकडा स्पिरिटच्या बाटलीत ठेवावा आणि जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला, जवळच्या महाविद्यालयातील प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांना किंवा नागपूरच्या तेलंगखेडी येथील मत्स्यविज्ञान महाविद्यालयाला दाखवावे. मासा कापण्याची घाई नसेल तर ओळख पटेपर्यंत तो अख्खा, पोट न चिरता, बर्फात ठेवलेला उत्तम; साक्षीदारांसमोर चिरणे त्यानंतर करावे.

साक्षीदार

साक्षीदार किमान दोन असावेत आणि त्यांपैकी एक तरी पकडणाऱ्याच्या घरचा, भागीदारीतला किंवा पैज लावलेला नसावा. माझ्या अनुभवात मत्स्य संस्थेचा सभासद हा सर्वांत चांगला साक्षीदार ठरतो. त्याला मासा ओळखता येतो, काटा कळतो, आणि तलावातला मोठा मासा दुसऱ्याने नेल्याचे त्याला थोडे वाईट वाटत असते, म्हणून तो वजन फुगवू देत नाही. साक्षीदाराने फक्त स्वतः पाहिले तेवढेच लिहावे. जो वजनाच्या वेळी आला त्याने “मासा गळाला लागताना पाहिला” अशा मजकुरावर सही करू नये. आमच्या वहीत आता तीन वेगळ्या सह्यांच्या जागा आहेत. मासा लागताना कोण होते, वजन करताना कोण होते आणि चिरताना कोण होते.

या कागदांची किंमत किती असते ते जॉर्ज पेरी यांच्या उदाहरणावरून कळते. त्यांनी २ जून १९३२ रोजी अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात मॉन्टगोमेरी नावाच्या तळ्यात लार्जमाउथ बास जातीचा मासा धरला. हेलेना गावच्या टपाल कार्यालयात त्याचे वजन २२ पौंड ४ औंस, म्हणजे सुमारे १० किलो ९० ग्रॅम भरले, आणि मग घरच्यांनी तो खाल्ला. मासा उरला नाही, तरी वजन नोंदले गेले होते, म्हणून हा विक्रम पाऊणशे वर्षांहून अधिक काळ टिकला. २ जुलै २००९ रोजी जपानच्या बिवा सरोवरात मनाबू कुरिता यांनी त्याच जातीचा मासा धरला. तो पेरींच्या माशाहून जेमतेम एका औंसाने जड होता. नियम असा आहे, की २५ पौंडांच्या आतील माशाचा विक्रम मोडायला किमान २ औंस, म्हणजे सुमारे ५७ ग्रॅम जास्त हवेत, आणि त्यावरच्या माशासाठी किमान अर्धा टक्का जास्त हवा. म्हणून जानेवारी २०१० मध्ये दोघांचा विक्रम बरोबरीचा ठरवण्यात आला. त्याआधी कुरितांना सत्यशोधन यंत्राच्या चाचणीलाही सामोरे जावे लागले. आमच्या वहीनेही अर्ध्या टक्क्याचा हा नियम घेतला आहे. १६ किलो २०० ग्रॅमचा विक्रम मोडायला ८१ ग्रॅम जास्त लागतात, त्याहून कमी असेल तर दोन्ही नावे शेजारी लिहायची. यामुळे दहा-वीस ग्रॅमवरून होणारी भांडणे पूर्ण थांबली आहेत.

हरकत कशी घ्यावी आणि कशी ऐकावी

हरकत तोंडी, चहाच्या टपरीवर घेऊ नये. ती कागदावर, नेमक्या मुद्द्यासह आणि मुदतीत घ्यावी. आम्ही पंधरा दिवस ठेवले आहेत. “मला पटत नाही” ही हरकत होत नाही. “काट्याची पडताळणी मागच्या वर्षी संपली होती” ही हरकत होते. ज्याने हरकत घेतली त्याच्याकडेही पुरावा मागावा.

याचे कारण डेव्हिड हेज यांच्या बाबतीत दिसते. त्यांनी ९ जुलै १९५५ रोजी अमेरिकेतील डेल हॉलो जलाशयात स्मॉलमाउथ बास जातीचा ११ पौंड १५ औंसांचा मासा धरला आणि तो विक्रम ठरला. चाळीस वर्षांनी, १९९६ साली, त्यांचे नाव काढून टाकण्यात आले. धक्क्यावरच्या एका कामगाराचे जुने प्रतिज्ञापत्र सापडले होते आणि त्यात त्याने त्या माशात वजन भरल्याचे म्हटले होते. त्या प्रतिज्ञापत्राची पुढे कसून तपासणी झाली, ते विश्वासार्ह ठरले नाही आणि २००५ साली विक्रम हेज यांच्या नावे परत करण्यात आला. मध्ये नऊ वर्षे गेली. एका प्रामाणिक माणसाचे नाव एका कागदावरून काढायचे असेल, तर तो कागद आधी तितक्याच कठोरपणे तपासला पाहिजे, असे मला मनापासून वाटते. आणि १९५५ सालीच मासा साक्षीदारांसमोर चिरून नोंद झाली असती, तर त्या प्रतिज्ञापत्राला कुणी विचारलेच नसते.

हरकत ऐकणाऱ्यांत पकडणारा आणि हरकत घेणारा या दोघांचे नातलग नसावेत. लहान गावात हे कठीण जाते, म्हणून आम्ही शेजारच्या तलावाच्या संस्थेतील दोघांना बोलावतो आणि त्यांच्या हरकतींसाठी आम्ही जातो. आधी फोटोंचा क्रम, मग काट्याचा कागद, मग सह्या, असे पाहत गेले की तासाभरात निर्णय होतो. आंतरराष्ट्रीय दाव्याचे कागद मात्र कुणाची वाट न पाहता पाठवावेत, कारण अमेरिकेबाहेर धरलेल्या माशाचा दावा पकडल्यापासून ९० दिवसांत तिथे पोहोचावा लागतो.

दावा बाद झाला तरी वहीतील मूळ नोंद खोडू नये, पान फाडू नये. त्याच ओळीखाली तारीख टाकून कारण लिहावे. माझ्या मावसभावाच्या नोंदीखाली आजही माझ्या अक्षरात लिहिलेले आहे: “ओल्या पोत्याचे वजन घेतले नव्हते, त्यामुळे नोंद विक्रमासाठी धरू नये, चूक नोंद लिहिणाऱ्याची, पकडणाऱ्याची नाही.” त्याखाली मी सही केली, आणि ती वही त्याच्या घरी नेऊन ती ओळ त्याला व त्याच्या वडिलांना वाचून दाखवली.